टोंगयाचा हिशेब

अकोल्याला आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. चौकटीचौकटीत दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाच्या तरी वर्षश्राद्धाची आठवण. या वर्षीच्या फेब्रुवारीच्या पानावर दुधाच्या आकड्याखाली एक दुसरा आकडा दिसू लागतो. ६. मग ६, ७, ६, ०, ०, ७. मार्चमध्ये एका चौकटीत ९ आहे आणि त्याभोवती पेनानं गोल केलेला आहे. मे महिन्यात सलग अकरा दिवस शून्यं आहेत, बाजूला बारीक अक्षरात ‘ऊन’ लिहिलेलं.

हा आकडा म्हणजे अर्ध्या मिनिटात आई खुर्चीवरून किती वेळा उठली, त्याची मोजणी. खुर्ची भिंतीला टेकवायची, दोन्ही हात छातीवर बांधायचे आणि ३० सेकंदांत, हाताचा आधार न घेता, पूर्ण उभं राहून पुन्हा बसायचं. फिजिओथेरपीत जगभर वापरली जाणारी ही साधी चाचणी. ७० ते ७४ वयाच्या बाईला हे १० पेक्षा कमी वेळा जमलं तर पायांत ताकद कमी पडते असं धरतात. आई ७१ वर्षांची. चाचणी महिन्यातून एकदा केली तरी पुरते, पण आई रोज करते. रोजचं दूध रोज लिहायची तिची सवय जुनी आहे.

आमच्या वऱ्हाडात गुडघ्याला टोंगळा म्हणतात, आणि बोलताना ‘ळ’चा ‘य’ होऊन टोंगया. “काय सांगू बाई, या टोंगयानं जीव खाल्ला” हे वाक्य मी लहानपणापासून ओसरीवर, लग्नघरी, हळदीकुंकवाला, एसटीच्या स्टँडवर ऐकत आले आहे. आधी आजीच्या तोंडून, मग मोठ्या आईच्या, मग आईच्या. प्रत्येक पिढीत ते थोडं लवकर ऐकू येऊ लागलं, आणि प्रत्येक पिढीत ते बायकांनी गृहीत धरलं. पन्नाशी उलटली, पाळी गेली, अंग सुटलं, आता टोंगये जाणारच. जणू डोक्यावरचे केस पांढरे व्हावेत तसं.

आईचं दुखणं सहा वर्षांपूर्वी सुरू झालं. पहिली दोन वर्षं तेलात आणि शेकण्यात गेली. मग एक्स-रे निघाला आणि त्या काळ्या फिल्मकडे पाहून तिला सांगितलं गेलं की गादी झिजली, वंगण संपत आलं, आता जिने चढू नका, खाली बसू नका, चालणं कमी करा. ते कुणी सांगितलं, कुठे सांगितलं, याला महत्त्व नाही. असं सांगणारे गावोगावी आहेत आणि त्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण आईनं ते शब्दशः पाळलं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरातून ३८ पायऱ्या उतरून भाजीला जाणं बंद. राजराजेश्वराच्या देवळात जाणं बंद. नंतर दहा दिवसांचा ‘करंट’ झाला. पलंगावर झोपायचं, गुडघ्याला चार रबरी वाट्या चिकटवायच्या, मुंग्या येत राहतात, वीस मिनिटांनी घंटी वाजते. त्या दहा दिवसांत बरं वाटलं. अकराव्या दिवसापासून पुन्हा तेच. चार वर्षांत तिचं वजन ६९ वरून ७८ किलोवर गेलं आणि मांड्या काटकुळ्या झाल्या. गुडघा वाचवण्याच्या नादात गुडघ्याला धरून ठेवणारा स्नायूच आम्ही घालवून बसलो.

हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर स्वतःचाच राग आला. म्हणून हा लेख.

तंत्रज्ञान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तो करंटच येतो. एक यंत्र, त्याच्यापुढे निजलेला माणूस. यंत्र काहीतरी करणार, माणूस ते करून घेणार. ब्रिटनमध्ये वैद्यकीय उपचारांची तपासणी करणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये संधिवाताच्या या प्रकाराबद्दल, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसबद्दल, नवी मार्गदर्शिका काढली. तिच्यात असे विजेचे उपचार देऊ नका, त्यांच्या फायद्याचा पुरावा पुरेसा नाही, असं स्पष्ट लिहिलं आहे. गुडघ्यात वंगणाची इंजेक्शनं देऊ नका, ग्लुकोसामाइनच्या गोळ्या देऊ नका. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाचा गुडघा हालचालीनं दुखत असेल आणि सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत जात असेल तर निदानासाठी एक्स-रेसुद्धा नेहमी लागत नाही. आणि सगळ्यांना, वय कितीही असो, दुखणं कितीही असो, व्यायाम द्या. वजन जास्त असेल तर ते उतरवायला मदत करा.

आपल्याकडे नेमकं याच्या उलट्या क्रमानं चालतं.

‘झीज’ हा शब्द मला इथे नीट तपासावासा वाटतो. गाडीचा टायर जितका चालवाल तितका झिजतो. एकदा झिजला की नवा घालणं हाच उपाय. गुडघ्यालाही आपण हाच न्याय लावला. पण टायर जिवंत नसतो. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. भार पडला की ती स्पंजासारखी दाबली जाते, भार उचलला की द्रव पुन्हा शोषते. म्हणजे हालचाल हेच तिचं जेवण. शिवाय कूर्चेला संवेदनेच्या नसाही नसतात. दुखतं ते भोवतालचं अस्तर, हाड, स्नायूंचे ताण. म्हणूनच एक्स-रेत खूप बिघडलेला गुडघा घेऊन कुणी शेतात जातो आणि थोडा बिघडलेला घेऊन कुणी पलंगाला खिळतो. चित्र आणि वेदना यांची जोडी जुळतेच असं नाही. आईला पहिल्या दिवशी जर कुणी “गुडघा अशक्त झालाय, त्याला ताकद द्यायचीय” एवढं सांगितलं असतं, तर ती चार वर्षं बसून राहिली नसती. शब्दानंही माणूस अधू होतो.

मग गुडघ्यावर खरोखर भार किती पडतो? याचं उत्तर ज्या शहरातून आलं त्या शहराशी अमरावतीचं एक जुनं नातं आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी अमरावतीत जो आखाडा उभा केला, तो पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं आणि तिथल्या लोकांपुढे मल्लखांब, लेझीम, कबड्डीची प्रात्यक्षिकं त्यानं केली. विदर्भातल्या मुलांची अंगं जगानं त्या दिवशी पाहिली. आजही मंडळाच्या मैदानाजवळून सकाळी गेलं की खांबावर चढलेली पोरं दिसतात, आणि कडेनं दोन-दोन पावलं मोजत चालणारी, कंबरेवर हात ठेवून थांबणारी त्यांची आजी-आजोबांच्या वयाची माणसं.

त्याच बर्लिनमध्ये शारिटे रुग्णालयाच्या संशोधकांनी एक विलक्षण काम केलं. ज्यांचा गुडघा बदलायचा होता अशा काही रुग्णांच्या कृत्रिम सांध्यातच त्यांनी संवेदक बसवले. माणूस चालतोय, बसतोय, जिना उतरतोय आणि सांध्याच्या आतून रेडिओलहरींवर भाराचे आकडे बाहेर येताहेत. २०१० साली पाच रुग्णांचे आकडे प्रसिद्ध झाले. सपाट जमिनीवर चालताना एका गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २६१ टक्के भार येतो. जिना चढताना ३१६ टक्के, उतरताना ३४६ टक्के. खुर्चीतून उठताना २४६ टक्के, बसताना २२५. नंतरच्या एका मोजणीत जागेवरची सायकल बेतानं चालवताना तो साधारण ११९ टक्केच भरला.

आईचे ७८ किलो धरून मी हिशेब केला. जिना उतरताना एका गुडघ्यावर २७० किलो. म्हणजे क्विंटलभराची अडीच पोती आणि वर आणखी थोडं, प्रत्येक पायरीला. चढण्यापेक्षा उतरणं कठीण, असं आई सहा वर्षं सांगत होती आणि आम्ही “उतरताना कसलं गं दुखतं” म्हणत होतो. तिच्या गुडघ्याला जे कळत होतं ते संवेदकांनी २०१० मध्येच सांगून ठेवलं होतं.

पण या आकड्यांतली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. खुर्चीतून उठायला जो भार पडतो, तो चालण्यापेक्षा जास्त नाही. स्वयंपाकघरातून न्हाणीघरात जाताना जेवढं सोसावं लागतं, त्याहून अधिक हा व्यायाम मागत नाही. व्यायामानं गुडघा आणखी बिघडेल ही भीती आईच्या मनातून काढायला मला हेच वाक्य कामाला आलं. ती म्हणाली, “मंग तं मी रोजच करून राह्यली ना बाई. मोजत नव्हती फक्त.”

मी अमरावतीला राहते. अमरावती ते अकोला रस्ता आता उत्तम आहे. जून २०२२ मध्ये या महामार्गाचा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून गिनीज बुकात नाव लागलं. बडनेऱ्याहून गाडी पकडली तर मूर्तिजापूर मागे टाकत दीड-दोन तासांत अकोला येतं. शंभरेक किलोमीटर आम्ही असे जिंकले. ३८ पायऱ्या नाही जिंकल्या. अकोल्यात फिजिओथेरपिस्ट नाहीत असं मुळीच नाही, पण आठवड्यातून दोनदा आईला खाली उतरवणं, ऑटोत बसवणं, परत वर चढवणं, आणि त्यासाठी भावानं दुकान बंद ठेवणं, हे दुसऱ्या आठवड्यातच मोडलं.

मग माझ्या ओळखीच्या अमरावतीच्या एका तरुण फिजिओथेरपिस्टनं फोनवरून शिकवायची तयारी दाखवली. तिची एकच अट होती: पहिली तपासणी समोरासमोर. आईला एकदा अमरावतीला आणलं. तिनं सांधा हलवून पाहिला, सूज पाहिली, उभं केलं, चालवलं, खुर्चीवरून उठवलं. रक्तदाबाच्या गोळ्या विचारल्या. कधी पडलात का, पाय अचानक अडकतो का, गुडघा लाल-गरम होतो का, हे विचारलं. यातलं काही असतं तर आधी डॉक्टर, मग फोन, असं तिचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं.

त्यानंतर दर बुधवारी अकरा वाजता व्हिडिओ कॉल. भाऊ निघण्याआधी फोन पाण्याच्या फिल्टरला टेकवून ठेवतो. पहिले दोन बुधवार आईनं नुसती मान डोलावली. ती तिला “मॅडम” म्हणायची, ती आईला “काकू”. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो दाबायचा. पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. खुर्चीवरून उठबस. महिन्याभरानं घोट्याला वाळूची अर्ध्या किलोची पिशवी, पुढे किलोची. यातलं काहीही बाजारातून आणावं लागलं नाही, वाळूसुद्धा शेजारच्या बांधकामावरची. दुखण्याचा नियमही सोपा: शून्य ते दहाच्या मापात दोनपर्यंत दुखलं तर निर्धास्त करा, पाचपर्यंत चालेल, पाचच्या वर गेलं तर कमी करा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत दुखणं पहिल्या पातळीवर यायला हवं. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून चाललेल्या ‘ग्लॅड’ नावाच्या व्यायामवर्गांमध्ये हेच माप वापरतात. तिथे रुग्णांना आधी दोन बैठकांत आजार समजावून देतात आणि मग आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, व्यायाम करून घेतात. आधी समजावतात, हे महत्त्वाचं.

दरम्यान भाच्यानं हौसेनं एक ॲप टाकून दिलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, ते आपल्या अंगाचे सांधे ओळखून उठबस मोजतं, पाठ वाकली तर सांगतं. पहिल्या दिवशी आईनं आठ वेळा उठबस केली, त्यानं दोन मोजल्या. कारण शोधायला आम्हाला तीन दिवस लागले. आई पाचवारी नेसते. साडीत गुडघा दिसतच नाही. ज्या लोकांच्या अंगांवरून ते ॲप शिकलं, त्यांच्यात साडी नेसलेली सत्तरीची बाई बहुधा नव्हती. सूचनाही इंग्रजीत. भाच्याचं मन मोडू नये म्हणून आईनं आठवडाभर गाऊन घालून ते केलं, मग सोडून दिलं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण कल्पना चांगली होती. साडीतला गुडघा ओळखणारं आणि “काकू, थोडं सरळ व्हा” असं मराठीत म्हणणारं ॲप उद्या कुणी केलं तर मी ते सगळ्यात आधी घेईन. अमरावती-अकोल्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून दरवर्षी शेकडो मुलं प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. हा घ्या विषय.

तोवर फोनचं काम कॅमेऱ्यानं नाही, आवाजानं भागतं. सकाळी नऊ वाजता त्या फिजिओथेरपिस्ट मुलीचा व्हॉट्सॲपवर एक छोटा आवाजी निरोप येतो. कधी “काकू, आज टाचा”, कधी “कालचा आकडा नाही आला.” बस. आई कालनिर्णयचा फोटो काढून पाठवते. आता ती “मॅडम” राहिली नाही, “बेटा” झाली आहे.

एवढ्या साध्या गोष्टीनं खरंच फरक पडतो का, हे मी एकट्या आईवरून सांगणार नाही. मेलबर्न विद्यापीठातल्या किम बेनेल आणि रॅना हिनमन यांच्या गटानं हाच प्रश्न दहा वर्षांहून अधिक काळ धरून ठेवला आहे. २०२१ साली त्यांनी २०६ लोकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना फक्त माहितीची वेबसाइट, निम्म्यांना माहितीबरोबर २४ आठवड्यांचा ताकदीच्या व्यायामांचा कार्यक्रम आणि मोबाइलवर नेमानं येणारे संदेश. एकही प्रत्यक्ष भेट नाही. व्यायाम-संदेशवाल्यांपैकी सुमारे ७२ टक्क्यांचं दुखणं जाणवण्याइतकं उतरलं, दुसऱ्या गटात ४२ टक्क्यांचं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या ३९४ लोकांच्या चाचणीत फिजिओथेरपिस्टची व्हिडिओवरची भेट ही दवाखान्यातल्या भेटीपेक्षा कमी ठरली नाही. आणि लठ्ठपणा व गुडघेदुखी दोन्ही असलेल्या ४१५ जणांवरच्या, २०२२ सालच्या प्रयोगात व्हिडिओवर व्यायाम शिकलेल्यांना नुसत्या माहितीपेक्षा जास्त आराम पडला. व्यायामाला आहारतज्ज्ञाचीही जोड मिळालेल्यांना त्याहून जास्त.

दुसरी बाजूही सांगते. व्यायामावरचे असे १३९ प्रयोग एकत्र करून कॉक्रेन या संस्थेनं २०२४ अखेरीस जो आढावा घेतला, त्यात व्यायामाचा फायदा सरासरीनं लहान निघाला, आणि तो रुग्णाला जाणवण्याइतका असतोच असं खात्रीनं म्हणता येत नाही असं त्यांनी लिहिलं. मी तो आढावा वाचून एक दिवस गप्प होते. मग वाटलं, आईचं दुखणं पूर्ण गेलं असं मीही म्हणू शकत नाही. सात होतं, आता चार असतं, थंडीत पाच. पण ती खाली उतरते. दुखण्याच्या मापात हे उतरणं लहान दिसेल. ३८ पायऱ्यांच्या मापात ते मोठं आहे. आणि व्यायामाचे जे इतर लाभ आहेत, साखर, रक्तदाब, झोप, ते गुडघ्याच्या तक्त्यात मोजले जात नाहीत.

वजनाबद्दल बोलणं मला अवघड जातं, कारण आपल्याकडे ते टोमण्यासारखं बोललं जातं. आईची उंची १५२ सेंटिमीटर, वजन ७८, म्हणजे बीएमआय ३४ च्या जवळ. पाश्चात्त्यांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० वर आहे. भारतीयांसाठी आपल्या तज्ज्ञांनी ती २५ वर आणली आहे, कारण आपण कमी वजनातही चरबी जास्त बाळगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिसायला बारीक पण आतून चरबीयुक्त अशा भारतीय शरीराची गोष्ट जगापुढे मांडली, ती अनेकांना ठाऊक असेल. चरबी नुसतं ओझं नाही. तिच्यातून दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात जातात. म्हणूनच जाड माणसांमध्ये बोटांचे सांधेही जास्त दुखतात, आणि बोटांवर तर कुणी चालत नाही.

पण ओझ्याचा हिशेबही आशा देणारा आहे. अमेरिकेतल्या स्टीफन मेसियर यांच्या २००५ च्या अभ्यासात दिसलं की वजन एक किलो उतरलं तर गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलागणिक सुमारे चार किलोंनी उतरतो. फ्रॅमिंगहॅमच्या प्रसिद्ध पाहणीत, दहा वर्षांत पाचेक किलो उतरवलेल्या स्त्रियांमध्ये गुडघ्याच्या त्रासाचा धोका निम्म्यावर आला होता. आईनं आठ महिन्यांत पाच किलो उतरवले. ७३. म्हणजे पावलागणिक वीस किलो. यासाठी काही अद्भुत केलं नाही. चार कप चहातली साखर आधी अर्धी झाली, मग गेली. संध्याकाळचे टोस्ट गेले. पोळीऐवजी दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, आणि भाकरीच्या बरोबरीनं वाटीभर घट्ट वरण किंवा मुगाची उसळ, कारण वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही उतरतो आणि तो टिकवायला डाळ लागते. एकादशीचा साबुदाणा मात्र तिनं सोडला नाही. मीही आग्रह धरला नाही.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा घराघरात आहे. सेमाग्लुटाइडची लठ्ठपणा-गुडघेदुखीवरची चाचणी ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली: ४०७ लोक, ६८ आठवडे, औषधवाल्यांचं वजन सरासरी १३.७ टक्के उतरलं, दुखणंही दुसऱ्या गटापेक्षा बरंच कमी झालं. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या चाचणीत दोन्ही गटांना आहार आणि हालचालीचा सल्लाही होता, हे जाहिरातीत येत नाही.

शस्त्रक्रियेलाही मी विरोधी नाही. ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी अटलजींचा गुडघा बदलला, आणि ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द मराठी घरांत आला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा आणली, नेहमीच्या प्रकाराची ५४,७२० रुपये, आणि तो कित्येकांच्या आवाक्यात आला. ज्याला गरज आहे त्याला ती शस्त्रक्रिया नवं आयुष्य देते. प्रश्न गरजेचा आहे. डेन्मार्कमध्ये गुडघा बदलण्यास योग्य ठरलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि व्यायाम, निम्म्यांना नुसता व्यायाम, आहार, शिक्षण दिलं. शस्त्रक्रियावाल्यांना आराम जास्त पडला, गुंतागुंतही जास्त झाली. पण दुसऱ्या गटातल्या ५० पैकी वर्षभरात फक्त १३ जणांनी शस्त्रक्रिया मागितली. बाकीच्यांना थांबता आलं. आपल्याकडे किती जणांना हे थांबणं कुणी देऊ केलं?

आणि हे सगळं दुसऱ्या मजल्याच्या घराचं झालं. आमच्या मूळ गावी ज्या बायका आषाढापासून सोयाबीन-कपाशीच्या तासांत उकिडवं बसून निंदण करतात, त्यांचं काय? चीनमधल्या बीजिंगच्या पाहणीत दिसलं होतं की तिथल्या वयस्क बायका अमेरिकन बायकांपेक्षा सडपातळ असूनही त्यांचे गुडघे जास्त दुखत होते. तरुणपणी तासन्‌तास उकिडवं बसणं हे एक कारण निघालं. महाराष्ट्रात डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली तेव्हा १८ टक्क्यांच्या आसपास प्रौढांना हाडा-सांध्यांची दुखणी सापडली. खेड्यातली माणसं कष्ट करतात म्हणून त्यांना व्यायामाची गरज नाही, हा समज तिथेच मोडायला हवा होता. कष्ट एकाच बाजूनं अंग वापरतात. व्यायाम उरलेली बाजू वापरतो.

त्या बायकांकडे फोन असतो, पण तो बहुतेक पोराच्या खिशात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के निघाल्या. म्हणून मला वाटतं, वऱ्हाडासाठी एका बाईमागे एक ॲप हा रस्ता नाही. बचत गटाची बैठक असते, हरिपाठाला बायका जमतात. तिथे एक फोन, एक स्पीकर, पलीकडे अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या सरकारी दवाखान्यातला फिजिओथेरपिस्ट, आणि पंधरा खुर्च्या. ई-संजीवनीवरून डॉक्टर खेड्यात पोहोचतो, तर फिजिओथेरपिस्ट का पोहोचू नये? खुर्च्या तर मंडपवाल्याकडेही मिळतात.

आईच्या इमारतीत हे थोडंसं सुरू झालंय. बुधवारी अकराला आता तिच्याबरोबर तळमजल्यावरच्या मावशी असतात आणि समोरच्या घरातली, जिचं पन्नाशीत नुकतंच सुरू झालेलं गुडघ्याचं दुखणं अजून कोवळं आहे, तीही. मावशींना वाळूची पिशवी बांधवत नाही, तेव्हा आई खाली वाकून त्यांच्या घोट्याला बांधून देते. वाकताना ओट्याला धरते.

दसऱ्यानंतर मी गेले होते. परत निघायच्या घाईत होते, गाडीची वेळ झाली होती, ऑटो खाली उभा होता. आई म्हणाली, “थांब, आजचा आकडा राह्यला. तू मोज.” तिनं खुर्ची भिंतीला लावली, पदर खोचला, हात छातीवर बांधले. मी फोनवर ३० सेकंद लावले आणि मोठ्यानं मोजत गेले. घंटी वाजली तेव्हा मी बारा म्हटलं होतं. ती खाली बसून श्वास घेत राहिली, मग उठून कालनिर्णयापाशी गेली आणि चौकटीत ११ लिहिलं.

“अगं, बारा झाल्या.”

“शेवटी मी पुरी उभी नाई राह्यली,” ती म्हणाली. “ते नाई धरत.”